चिठ्ठीला कुलूप लावताना

लेकरांसाठी गुप्त चिठ्ठ्यांचा खेळ मांडायचा असेल, तर सगळ्यात आधी एबीसीडी बाजूला ठेवा.

मी हर्सूलचा. मराठी शिकवण्यात जन्म गेला. निवृत्तीनंतर दर उन्हाळ्यात गल्लीतल्या लेकरांसाठी खजिन्याचा शोध मांडतो. एक चिठ्ठी उलगडली की पुढच्या चिठ्ठीची जागा कळते आणि शेवटच्या चिठ्ठीपाशी खाऊ असतो. आता आसपासचे तरुण आईबापही विचारायला येतात. त्यांच्या मोबाइलमध्ये बहुधा एकच तक्ता असतो, ए म्हणजे एक, बी म्हणजे दोन. मी त्यांना 'तळ' आणि 'टाळ' हे दोन शब्द त्या तक्त्याने लिहायला सांगतो. त आणि ट दोघेही एकाच टीमध्ये कोंबले जातात, ळ तर सापडतच नाही. लेकरू आधी मराठी शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग करतं, मग त्याचे आकडे करतं, आणि समोरचं लेकरू हे सगळं उलट दिशेने करत बसतं. चुकतं ते स्पेलिंग, आणि लेकराला वाटतं आपल्याला कोडं येत नाही.

आपली मुळाक्षरं मुळातच चौकोनात मांडलेली आहेत. क ते म ही पंचवीस व्यंजनं, पाच ओळी आणि पाच रकाने. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात मशालींनी निरोप पाठवण्याची रीत लिहून गेला. तिच्यासाठी ग्रीक अक्षरांचा पाच ओळींचा चौकोन मुद्दाम आखावा लागला होता. आपलं लेकरू असा चौकोन पहिलीतच पाठ करून येतं. मग तोच वापरायचा.

याला आपल्याकडे नावही आहे, अंकपल्लवी. वर्गांना क्रमांक द्या. स्वरांचा अ-वर्ग १, क-वर्ग २, च-वर्ग ३, ट-वर्ग ४, त-वर्ग ५, प-वर्ग ६, य र ल व यांचा य-वर्ग ७, आणि श ष स ह ळ यांचा श-वर्ग ८. पहिला आकडा वर्गाचा, दुसरा वर्गातल्या जागेचा, तिसरा बाराखडीतल्या जागेचा, म्हणजे अ १, आ २, इ ३, ई ४, उ ५, ऊ ६, ए ७, ऐ ८, ओ ९. एका अक्षराला तीन आकडे, ना कमी ना जास्त. 'तलाव' लिहायचा तर त ५११, ला ७३२, व ७४१. 'पेरू' म्हणजे ६१७ ७२६. अक्षर अर्धं असेल तर तिसरा आकडा शून्य. म्हणून आमचं गाव ८४१ ७२० ८३६ ७३१ असं लिहिलं जातं, आणि गल्लीतल्या लेकरांना हे चार आकडे आता घराच्या पत्त्यासारखे पाठ आहेत. अनुस्वार आला तर तिसऱ्या आकड्याच्या डोक्यावर टिंब द्यायचं. औकाराला आकडा उरत नाही, म्हणून औकाराचा शब्दच टाळा. 'चौक' लिहायचा असेल तर 'नाका' लिहा. कोडं रचणाऱ्याने शब्द बदलायला लाजू नये.

याच आठ वर्गांची हाताने करायची रीत म्हणजे करपल्लवी. तिच्यात वर्गाची खूण त्याच वर्गाच्या पहिल्या अक्षराने सुरू होणाऱ्या शब्दावरून घेतात. नागाचा फणा म्हणजे अहिफण, तो अ-वर्ग. हाताचं कमळ केलं की क-वर्ग, चक्र फिरवलं की च-वर्ग, धनुष्याचा टंकार ट-वर्ग, तरू म्हणजे झाड त-वर्ग, पवन प-वर्ग. पुढे यौवन आणि शृंगार, य आणि श साठी. खूण झाली की बोटं दाखवून जागा सांगायची, मग मात्रा. वर्गात दोन पोरींनी फळ्याच्या दोन टोकांना उभं राहून अक्षर न बोलता एकमेकींना नाव सांगितलेलं मी पाहिलं आहे. सगळा वर्ग श्वास रोखून बघत होता. ज्या लेकराचा लिहिताना हात अडखळतो त्याला ही रीत आधी शिकवा.

दुसरी रीत जोड्यांची. माझी सगळ्यात आवडती हीच. ङ आणि ञ वगळले की क पासून ळ पर्यंत बत्तीस व्यंजनं उरतात. त्यांचे सोळा-सोळाचे दोन भाग करा आणि एकाखाली एक लिहा:

क ख ग घ च छ ज झ ट ठ ड ढ ण त थ द
ध न प फ ब भ म य र ल व श ष स ह ळ

वरच्या अक्षराऐवजी खालचं लिहायचं, खालच्याऐवजी वरचं. मात्रा, अनुस्वार आणि सुटे स्वर आहेत तसे राहू द्यायचे. 'पेरू'चा 'गेटू' होतो, 'विहीर'ची 'डिथीट'. या रीतीचा मोठा गुण असा की कुलूप लावायला आणि उघडायला एकच तक्ता लागतो. सात वर्षांच्या लेकरालाही उलट-सुलट गोंधळ होत नाही. दुसरा गुण मराठीच्या मात्रांनी दिला आहे. मात्रा जागेवर राहिल्यामुळे गुप्त शब्दही तोंडाने म्हणता येतो आणि लेकरं दिवसभर गेटू-गेटू करत हिंडतात.

या तक्त्यात कधी कधी एका खऱ्या शब्दातून दुसरा खरा शब्द निघतो. 'तास'चा 'सात' होतो, 'जमा'ची 'मजा', 'चिंच'चं 'बिंब', 'साप'चा 'ताग', 'ताप'चा 'साग', 'खीर'चं 'नीट'. असे शब्द शोधून वहीत लिहून ठेवा. चिठ्ठीत नुसतं 'नीट' लिहिलेलं असलं की लेकरं आधी सूचना समजून नीट बसतात, नीट चालतात, आणि बऱ्याच वेळाने एखादीला खीर दिसते. तो क्षण बघण्यासाठी मी आठवडाभर तयारी करतो.

अक्षरांच्या जोड्या लावायची ही युक्ती फार जुनी आहे. वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांमध्ये गुप्त बोलण्या-लिहिण्याची एक कला आहे, म्लेच्छितविकल्प. त्याच्या ग्रंथावरच्या यशोधराच्या जयमंगला टीकेत तिचा मूलदेवीय नावाचा प्रकार येतो. त्यात अ आणि क, ख आणि ग, च आणि ट, त आणि प, न आणि म अशा जोड्या आहेत. त्या रीतीने 'मान' लिहिला तर 'नाम' वाचला जाईल. लेकरांना हे जरूर सांगा. आपण खेळतो तो खेळ शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी शास्त्र म्हणून मांडला होता, हे कळलं की ती अक्षर जास्त जपून काढतात.

आणि आपल्या जिल्ह्यातली गोष्ट तर सांगायलाच हवी. पैठण आणि वेरूळ ही श्रीचक्रधरस्वामींच्या वास्तव्याची ठिकाणं. तेराव्या शतकात त्यांच्या भोवती महानुभाव पंथ उभा राहिला आणि म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलं. पुढे चौदाव्या शतकात पंथातल्या मंडळींनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांमध्ये लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी, सुंदरी लिपी, वज्रलिपी, अंकलिपी अशी त्यांची नावं. सगळ्यात जास्त चालली ती सकळ लिपी. तिचं श्रेय रवळोव्यासांना देतात. एका अक्षराऐवजी दुसरं अक्षर किंवा चिन्ह, असंच तिचं मूळ तत्त्व. ग्रंथ अनोळखी हातांत पडून त्यांची विटंबना होऊ नये ही त्यामागची कळकळ. कुलूप इतकं पक्कं बसलं की मराठीतलं सुरुवातीचं फार मोलाचं गद्य कित्येक शतकं पंथाबाहेरच्या मराठी माणसाला माहीतच नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीची किल्ली शोधली आणि मग दार उघडलं. मी ही गोष्ट सांगतो तेव्हा एखादं लेकरू हमखास विचारतं की किल्ली हरवली असती तर? म्हणून माझा नियम आहे. तक्ता वहीच्या शेवटच्या पानावर लिहून, तारीख घालून ठेवायचा. दोन वर्षांनी स्वतःचीच चिठ्ठी स्वतःला वाचता आली पाहिजे.

मोडीबद्दल पुष्कळ जण विचारतात. ती गुप्त लिपी नव्हती. हात न उचलता भराभर लिहिता यावं म्हणून ती कारभारात रुळली. आज ती फार थोड्यांना वाचता येते, म्हणून गुप्त वाटते. मोडीत चिठ्ठी लिहायची तर हौसेने लिहा, पण लेकरांना खरी हकीकत सांगून.

अक्षरं न बदलता त्यांच्या जागा बदलणं ही तिसरी रीत, आणि मराठीसाठी ती सगळ्यात सोपी. जोडाक्षर, मात्रा, अनुस्वार, सगळं जिथल्या तिथे चिकटलेलं राहतं, कारण आपण अख्खं अक्षर उचलून दुसरीकडे ठेवतो. 'आंबा माळ्यावर आहे' ही आठ अक्षरं घ्या. एक वर, एक खाली अशी दोन ओळींत लिहा. वरच्या ओळीत येतं 'आं मा व आ', खालच्या ओळीत 'बा ळ्या र हे'. दोन्ही ओळी सलग लिहिल्या की चिठ्ठी होते 'आंमावआ बाळ्यारहे'. उलगडणाऱ्याने अक्षरं मोजायची, निम्म्यावर रेघ मारायची, आणि वर-खाली वर-खाली वाचायचं. जोडाक्षर हे एकच अक्षर मोजायचं हे आधी ठरवून सांगा. नाहीतर ळ्या पाशी भांडण होतं.

जागा बदलण्याचीच एक करामत लाटण्यावर होते. कागदाची लांब, बोटभर रुंदीची पट्टी लाटण्यावर तिरकी गुंडाळा, कडेला कड लागेल अशी. आडव्या ओळीत निरोप लिहा आणि पट्टी सोडवा. सुटी अक्षरं इकडे तिकडे पडलेली दिसतील. तेवढ्याच जाडीच्या लाटण्यावर पट्टी पुन्हा गुंडाळली की निरोप जुळतो. प्राचीन ग्रीसमध्ये स्पार्टाचे लोक काठीवर असंच करत असं सांगतात. माझा अनुभव असा की लाटणं टोकाकडे निमुळतं असतं, म्हणून मधलाच भाग वापरावा. क्रिकेटचा स्टंप त्याहून चांगला, कारण तो सरळ असतो आणि एका संचातले तिन्ही स्टंप सारख्याच जाडीचे असतात. एक चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे, एक वाचणाऱ्याकडे, आणि एक खेळायला.

बोलण्यासाठी च ची भाषा आहेच. आमच्या गल्लीत पहिलं अक्षर उचलून शब्दाच्या शेवटी टाकतात आणि त्याच्या जागी च म्हणतात. 'मला पाणी दे' चं 'चलाम चणीपा चदे'. तुमच्या गावात नियम थोडा वेगळा असेल, तोच ठेवा. बाजारातले दलालही अशी स्वतःची बोली बाळगून असत, तिला नंदभाषा म्हणत. तीत उधानू म्हणजे तीन, मुळू म्हणजे पाच. बैलांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवताना माझ्या पिढीतल्या सगळ्यांनी पाहिलं आहे. तो सौदा शेजारी उभ्या माणसालाही कळत नसे.

अक्षराऐवजी अख्खा शब्द बदलायचा असेल तर पानिपतची बातमी आठवा. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना वाटेतच एका सावकारी पत्रातून तिची बातमी कळली. पत्रात मोती गळाल्याचा, मोहरा हरवल्याचा आणि खुर्दा तर मोजताही न येण्याइतका गेल्याचा हिशोब होता. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे सैन्य. वाचणाऱ्या परक्याला तो सावकाराचा तोटा वाटावा. हे लेकरांना सांगताना मी घाई करत नाही. सांगून झालं की थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग त्यांना घरगुती संकेत बनवायला सांगतो, म्हणजे फ्रिजला काय म्हणायचं, गच्चीला काय, आजीला काय.

मजकूर डोळ्यांसमोर असूनही दिसू नये, असंही करता येतं. आमच्या हर्सूलच्या बाजूने मलिक अंबरने सतराव्या शतकात नहर-ए-अंबरी काढली. तिचं पाणी जमिनीच्या पोटातून शहरात जायचं, आणि वरून चालणाऱ्याला फक्त रस्ता दिसायचा. चिठ्ठीतही हे साधतं. वाण्याची यादी करा, कणीक, पापड, टरबूज. पहिली अक्षरं उभी वाचली की 'कपाट'. जिरे आणि नारळ लिहिले की 'जिना'. यात एक अडचण ध्यानात ठेवा. ण आणि ळ यांनी मराठी शब्द सुरू होत नाही, म्हणून 'माळा' किंवा 'अंगण' अशा यादीत बसणार नाही. अशा वेळी शेवटची अक्षरं जोडायला सांगा. लिंबाच्या रसाने लिहून इस्त्रीच्या उबेने अक्षरं तपकिरी करण्याचा खेळही लेकरांना फार आवडतो. पण इस्त्री मोठ्या माणसाच्याच हातात असावी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मागे एकदा नातवाच्या वाढदिवसाला मी शेवटची चिठ्ठी अंकपल्लवीत लिहिली. खाऊ गादीखाली ठेवला होता. 'गादी' म्हणजे २३२ ५३४. घाईत पाचाऐवजी चार पडला, २३२ ४३४, आणि त्याची झाली 'गाडी'. दहा लेकरं शेजाऱ्यांच्या गाडीखाली आडवी झाली, कपडे ग्रीसने माखले आणि दोघं रडायला लागली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी चिठ्ठी अगदी बरोबर वाचली होती, चूक माझ्या आकड्याची होती. नारायणराव पेशव्यांच्या वेळच्या 'ध चा मा'ची कथा आपण ऐकत आलो आहोत. धरावे याचं मारावे झालं आणि ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात त्यांचा घात झाला, अशी ती कथा. कुलूप लावलेल्या चिठ्ठीत तर चुकलेलं अक्षर दिसतही नाही. म्हणून चिठ्ठी लिहून झाली की ती दुसऱ्या माणसाकडून, फक्त तक्ता हाती देऊन, उलगडून घ्या. लिहिणाऱ्याने स्वतः तपासणं पुरत नाही. आपल्याला उत्तर माहीत असतं आणि डोळा चूक ओलांडून पुढे जातो. त्या दिवसापासून माझी प्रत्येक चिठ्ठी आमच्या घरातून तपासून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही.

लेकरं मोठी झाली, दहा-बारा वर्षांची, की तक्ता देणं बंद करा आणि त्यांना कुलूप फोडायला शिकवा. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने हे शास्त्र लिहून ठेवलं. कोणतं चिन्ह किती वेळा येतं ते मोजायचं आणि भाषेत कोणतं अक्षर जास्त येतं त्याच्याशी ताडून पाहायचं. मराठीत सुरुवात सोपी आहे. वाक्याच्या शेवटी क्रियापद असतं आणि पुष्कळदा ते 'आहे' असतं. जोड्यांच्या चिठ्ठीत वाक्यांच्या शेवटी सारखं 'आथे' दिसलं की ह सापडला. मात्रा नसलेलं एकटं अक्षर दिसलं तर ते 'व' असण्याचा संभव मोठा. अंकपल्लवीत तिसरा आकडा बहुतेक वेळा एक किंवा दोन येतो, म्हणजे तिथे मात्रा लपली आहे हे चाणाक्ष लेकरू ओळखतं. चिठ्ठी निदान चार-पाच वाक्यांची असावी, दोन शब्दांत मोजणार काय? आणि एक शब्द उघडा सांगून टाका. कोडं पूर्ण बंद असलं की लेकरू दहा मिनिटांत उठून जातं आणि परत येत नाही. एकदा परत येईनासं झालं की त्याला पुन्हा बसवणं फार अवघड.

खाऊ लपवायच्या जागा घराच्या आणि अंगणाच्या आत ठेवा. आमचा हर्सूलचा तलाव मला प्रिय आहे, पण एकही चिठ्ठी मी कधी पाण्याच्या काठी, विहिरीजवळ, रस्त्यापलीकडे किंवा विजेच्या डब्यात ठेवलेली नाही. चिठ्ठी सापडली की लेकरू पळतं, बघत नाही.

लेकरांच्या हाती चिठ्ठी देण्याआधी तुम्ही एक उलगडून पाहा. तक्ता वर दिलेला आहेच.

आसा सुजबी गादी.